ऊन उतरेपर्यंत

मी एक जुना कूलर आहे. पत्र्याचा, तीन बाजूंना गवताच्या जाळ्या असलेला, आणि चालू केला की शेजारच्या घरातही कळावे इतका आवाज करणारा. मित्रांनो, हल्लीचे प्लास्टिकचे सुबक कूलर पाहून तुम्हाला माझी कल्पना यायची नाही. मी जवळजवळ कपाटाएवढा आहे. माझ्या टाकीत नव्वद लिटर पाणी मावते आणि मे महिन्यात ते संध्याकाळपर्यंत पुरत नाही.

माझा जन्म अकोल्यातच झाला. टिनाचे एक शेड, त्यात दोन माणसे आणि दिवसभर ठाकठूक, एवढाच तो कारखाना. ज्याने माझा पंखा बसवला त्याने तो जरासा तिरका बसवला, त्यामुळे मी पहिल्या दिवसापासून खडखडतो. जठारपेठेतल्या खुशालराव तायड्यांनी मला घरी आणून चालू केले, तेव्हा त्यांच्या बायकोने, दुर्गाबाईंनी, दोन्ही कानांवर हात ठेवले. खुशालराव म्हणाले, पदरी पडले पवित्र झाले. तेव्हापासून मी त्या घराच्या बैठकीत आहे.

होळी झाली की माझ्यावरचे प्लास्टिक निघते. जाळ्यांत नवे गवत भरले जाते, मोटरीला तेल मिळते. मृग लागला की पुन्हा प्लास्टिक. म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने मी जग पाहतच नाही. थंडी कशी असते हे मला विचारू नका, मी ती फक्त तयार करतो.

त्या घरात दोन रीती होत्या. पाहुणा आला की माझे तोंड त्याच्याकडे वळवायचे, ही पहिली. दुसरी दुर्गाबाईंची होती. उन्हाळ्यात अकरानंतर त्यांच्या दारात जो येई, त्याला त्या ऊन उतरल्याशिवाय जाऊ देत नसत. मग तो नातेवाईक असो, सिलिंडर घेऊन आलेला माणूस असो की पत्ता चुकलेला वाटसरू. माझ्यासमोर सतरंजी पडायची, हातात पन्हे यायचे आणि माणूस निमूटपणे आडवा व्हायचा. पुण्याचे एक पाहुणे एकदा म्हणाले होते की ही तर स्थानबद्धता झाली. पण चार वाजता ते घोरत होते.

खुशालराव गेले. त्यांचा मुलगा प्रीतम शेतीचे शिक्षण घ्यायला डेन्मार्कला गेला आणि परत आला तेव्हा त्याच्याबरोबर लिसबेथ होती. उंच, लालसर गोरी, आणि पुस्तकातून शिकलेले मराठी बोलणारी. आठ वर्षे झाली त्याला. दोघांनी वरच्या मजल्यावर चार खोल्या काढल्या आणि गेस्ट हाऊस सुरू केले. औषध कंपन्यांचे लोक, कृषी विद्यापीठात कामाला येणारे, मुलांना परीक्षेसाठी घेऊन आलेले आईबाप असे पाहुणे येऊ लागले.

पहिल्याच उन्हाळ्यात लिसबेथने मला कोंडले. थंड हवा बाहेर जाऊ नये म्हणून तिने बैठकीच्या सगळ्या खिडक्या लावल्या, दारांच्या फटींत टॉवेल कोंबले आणि मला जोरात सोडले. तिच्या देशात घरातली ऊब अशीच जपतात म्हणे. अर्ध्या तासात भिंतींना ओल आली आणि माणसे भिजल्यासारखी चिकट झाली. मला मागून कोरडी हवा लागते आणि पुढे ती बाहेर पडायला खिडकी उघडी लागते, हे अकोल्यातले शेंबडे पोरही सांगेल. प्रीतम पोट धरून हसला. दुर्गाबाईंनी उठून समोरची खिडकी उघडली.

पुढे वरच्या खोल्यांत एसी लागले. कानामागून आले आणि तिखट झाले. वरचे पाहुणे रात्री माझ्यासमोर झोपायला यायचे थांबले आणि मी दुपारपुरता उरलो. वाईट वाटले, नाही असे नाही. पाहुणे वर जाताना माझ्याकडे पाहून गालांतल्या गालांत हसत.

चार वर्षांपूर्वी प्रीतमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला. आता ही आपल्या देशी परत जाणार, असे सगळ्यांनी धरूनच ठेवले. गल्लीतली माणसे भेटली की तिला विचारत, "मग, कधी चालल्या?" त्यात वाकडे काही नव्हते, बोलायला विषय असावा म्हणून विचारत. ती हसून सांगे की अजून ठरले नाही. चार वर्षे तिने हेच उत्तर दिले. तिच्या भावाचे दर रविवारी फोन येत, तेव्हा ती त्याच्याशी तिच्या भाषेत बोले आणि मला त्यातले फक्त 'अकोला' कळे.

तिचा दिवस पाचला सुरू होई. नळ चार दिवसांआड येतो, तेव्हा ती सगळ्या टाक्या भरून घेई. मग पाहुण्यांसाठी पोहे, मग चादरी, मग फोनवरची बुकिंगे. रविवारी ती काळा, जड, आंबूस पाव भाजायची. तो तिच्याशिवाय कोणी खात नसे. दुर्गाबाई एक तुकडा चहात बुडवून खायच्या आणि उरलेला गायीला द्यायच्या. पुस्तकी मराठी कधीच मागे पडले होते, ती आता सासूसारखेच 'मले' आणि 'तुले' करायची.

दोघींचे बरे चालले होते. भांडण होते ते एकाच गोष्टीवर. खोली दहाला सोडायची असा नियम होता, पण खोली सोडलेली माणसे घरी जात नसत. दुर्गाबाई त्यांना माझ्यासमोर झोपवत. दुपारी बैठकीत कधी चार, कधी सहा माणसे पसरलेली असत. या वर्षी एप्रिलमध्ये एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिले की हे गेस्ट हाऊस आहे की बसस्थानक. लिसबेथला ते फार लागले. तिने स्वतःच्या मोठ्या, गोल अक्षरांत एक कागद लिहिला आणि माझ्याच अंगावर चिकटवला. 'खोली सकाळी दहा वाजता सोडावी. त्यानंतर बैठकीत थांबू नये.' दुर्गाबाईंनी तो वाचला आणि सतरंजी टाकली. कागद तसाच राहिला आणि माणसेही तशीच राहिली.

मग मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुर्गाबाई भाचीच्या साखरपुड्याला दोन दिवस बाळापूरला गेल्या.

त्याच दिवशी संध्याकाळी हिवरखेडचे उत्तमराव मुक्कामाला आले. सत्तरीचे, रिटायर झालेले पोस्टमन. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना डोळे दाखवायचे होते. ते सकाळी आठला गेले आणि सव्वादहाला परत आले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, काळा चष्मा दिला होता आणि त्यांना सगळे धूसर दिसत होते. ते माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले, शर्टाची वरची दोन बटणे सोडली आणि डोळे मिटले.

लिसबेथ त्यांची पिशवी घेऊन खाली आली. उत्तमरावांना माझ्यावर काहीतरी पांढरे चिकटलेले दिसले. त्यांनी विचारले, "ह्यावर काय लिवलं हाये, बाई?"

तिने वाचून दाखवले. आवाजात रुक्षपणा नव्हता, विचारले म्हणून वाचले. उत्तमराव लगेच उठले. वऱ्हाडातला माणूस बोलायला रोखठोक असतो, पण परक्याच्या घरी अर्धा तास जास्त बसू का, हे त्याच्या तोंडून निघत नाही.

"बराबर हाये," ते म्हणाले, "नियम सगळ्याईले सारका."

लिसबेथने त्यांना पाण्याची बाटली दिली आणि ऑटो बोलावते म्हणाली. ते म्हणाले, स्टँड जवळच आहे, जातो चालत. आयुष्यभर चालतच पत्रे वाटली होती त्यांनी. ती फाटकापर्यंत गेली, परत आली आणि मला बंद केले, कारण बैठकीत आता कोणी नव्हते. त्या दिवशी अकोल्यात शेहेचाळीस तापमान होते.

दीडच्या सुमाराला फोन वाजला. स्टँडची वाट चुकून भलत्याच रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या पायरीशी एक म्हातारा पडलेला सापडला होता आणि त्याच्या खिशात या गेस्ट हाऊसचे कार्ड होते. लोकांनी त्याला दवाखान्यात नेले होते. लिसबेथ पायात चप्पल न घालता निघाली, मग फाटकातून परत येऊन चप्पल घालून गेली.

उत्तमराव तीन दिवस शुद्धीवर नव्हते. ती सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जाऊन बसे. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा सूर्यभान घरी आला, कारण वडिलांचा नेहमीचा चष्मा इथेच बैठकीत राहिला होता. तिने त्याला माझ्यासमोर बसवले, पाणी दिले, चष्मा दिला. तो शिव्या देईल म्हणून ती उभीच राहिली होती. त्याने पाणी पिऊन पेला खाली ठेवला.

"चार वाजेपर्यंत इथीसा बसू द्याचं होतं ना, बाई," तो म्हणाला. "कूलर तं होताच."

आवाज चढला नव्हता. नमस्कार करून तो निघून गेला. मित्रांनो, मी पत्र्याचा आहे आणि मला सहसा काही वाटत नाही. पण ते वाक्य तिच्याइतकेच मलाही लागले. ते उठून गेले तेव्हा मी चालू होतो, टाकी भरलेली होती, आणि तिने मला बंद करेपर्यंत मी रिकाम्या खुर्चीवर वारा घालत होतो.

चौथ्या दिवशी उत्तमराव शुद्धीवर आले आणि पुढे धडधाकट होऊन हिवरखेडला गेले. पण घरात त्याने फरक पडला नाही. दुर्गाबाईंना बाळापूरहून आल्यावर सगळे कळले होते. त्यांनी माझ्यावरचा कागद ओढून काढला आणि चुलीत घातला. त्यानंतर त्या लिसबेथशी एक शब्द बोलल्या नाहीत. स्वयंपाक दोघींचा होई, ताट वाढले जाई, बोलणे नाही. असे नऊ दिवस.

त्या नऊ दिवसांत लिसबेथने पुढची बुकिंगे रद्द केली. वरच्या खोल्यांना कुलपे लावली. रविवारी भावाचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ बोलली, आणि या वेळी मला 'अकोला' एकदाही ऐकू आले नाही. तिने मुंबईची गाडी आणि तिथून पुढचे विमान ठरवले. दुर्गाबाईंना सांगितले ते असे की मी बुधवारी जाते. दुर्गाबाईंनी मान हलवली.

बुधवारी साडेअकराला ती बॅग घेऊन खाली आली. एकच बॅग होती. दुर्गाबाई बैठकीत सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. बाहेर ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. लिसबेथ सासूच्या पाया पडली. दुर्गाबाईंनी सूप बाजूला ठेवले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, आणि मला दोन्ही हातांनी धरून ओढू लागल्या. मी काही हलका नाही. चाके गंजलेली आहेत. तरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईने मला वळवले आणि माझे तोंड दाराजवळच्या खुर्चीकडे केले.

"बस," त्या म्हणाल्या.

"आई, पाऊन वाजता गाडी हाये."

"असन. उनाचं कोनाले घराबाहीर काढत नसतात. ऊन उतरलं का जाजो."

लिसबेथ बसली नाही. नऊ दिवस जे दोघींपैकी कोणी उच्चारले नव्हते ते ती बोलली. "मी तं काढलं होतं ना, उत्तमरावले."

"तू काढलं होतं," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी नाई काढून राहिली तुले."

लिसबेथ खुर्चीवर बसली आणि रडली. माझ्या आवाजात ते बाहेर ऑटोवाल्याला ऐकू गेले नसेल. दुर्गाबाईंनी फाटकात जाऊन त्याला परत पाठवले आणि येऊन पुन्हा सूप मांडीवर घेतले. थोड्या वेळाने लिसबेथही खाली बसून डाळ निवडू लागली. तिला खडे नीट दिसत नव्हते. दुर्गाबाई तिने निवडलेली डाळ परत एकदा निवडत होत्या. पाऊण वाजला, एक वाजला, गाडी गेली. जेवणे झाली. दोघी माझ्यासमोर सतरंजीवर आडव्या झाल्या.

साडेसहाला ऊन उतरले. गल्लीत माणसांचे आवाज सुरू झाले, समोरच्या दुकानाचे शटर वर गेले. लिसबेथ उठून बसली आणि दारातल्या बॅगेकडे पाहू लागली. मग म्हणाली की उद्याही पाऊण वाजता गाडी असते.

दुर्गाबाई केस बांधत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"उद्याबी ऊनच हाये," त्या म्हणाल्या.

 लिसबेथ उठली, नळी आणली आणि माझी टाकी भरायला लागली, कारण टाकी केव्हाच कोरडी पडली होती.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, हे मी सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. घ्याच. दर दोन-तीन दिवसांनी टाकीतले पाणी बदला, वर्षाला गवत बदला, चाकांना तेल दिलेत तर दुर्गाबाईंच्या गुडघ्यांवर उपकार होतील. पण मला खरे म्हणजे दुसरेच मागायचे आहे. भर दुपारी तुमच्या दारातून कोणी निघाले आणि तो म्हणाला की मला काही होत नाही, तर त्याचे ऐकू नका. त्याला हाताला धरून बसवा. नियम काय आहे, तो कोण आहे, तो तुमच्यावर रागावलेला आहे की तुम्ही त्याच्यावर, हे नंतर बघता येते. त्याची गाडी चुकेल. चुकू द्या.