लाजरी गुणगुण

आत्याच्या गाडीत गेले तीन आठवडे एक भुंगा राहायला आला होता आणि तो फक्त आत्यालाच ऐकू येत होता. वेगाचा काटा साठच्या पुढे सरकला की झंऽऽ सुरू, पन्नासच्या खाली उतरला की गप्प.

मेकॅनिकने आत्याला शेजारी बसवून स्वतः गाडी पळवून पाहिली. त्याला काही ऐकू आलं नाही. तरी त्याने बॉनेट उघडून दोन नट आवळले आणि हात पुसत सांगितलं की ताई, गाडी ठणठणीत आहे, तुम्हीच जरा विश्रांती घ्या. मग बाबांनी तिला शेजारी बसवून फेरी मारली. तेही कोरडेच परतले. आत्याने फोनवर आवाज टिपून आणला, तर त्यात नुसती वाऱ्याची घरघर.

दुसऱ्या कोणाच्या बाबतीत घरात यावर महिनाभर विनोद झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी आत्याचा डावा कान असाच गुणगुणू लागला होता आणि त्यापाठोपाठ चक्कर आली होती. आठ महिने गाडी बंद. आत्या फिजिओथेरपिस्ट, गुडघे बदललेल्या, पाठ धरलेल्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना पुन्हा उभं करणं हे तिचं काम. गाडी बंद म्हणजे सगळंच बंद. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की गुणगुण परतली तर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. म्हणून एका संध्याकाळी बाबांनी बहिणीकडून शब्द घेतला: उद्या दुपारी बारा वाजता तिने तिच्या ओळखीच्या दुसऱ्या फिजिओला फोन करायचा आणि आपले एकवीसच्या एकवीस रुग्ण त्याच्याकडे सोपवायचे.

ही हकिगत चौकशीला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला कळली. चौकशी म्हणजे बाबांची मुलगी. हे नाव तिला घरच्यांनी दिलं होतं आणि भौतिकशास्त्राची पदवी मिळाल्यावर ते पक्कं झालं होतं. आत्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून गार झालेला चहा ढवळत होती. चौकशीने सवयीप्रमाणे प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. कोणत्या गिअरला? खिडक्या उघड्या की बंद? वळणावर वाढतो का? आत्या कंटाळून उत्तरं देत होती. आणि मग चौकशीने असा एक प्रश्न विचारला, जो तीन आठवड्यांत कोणालाच सुचला नव्हता.

"मेकॅनिक गाडी चालवत होता तेव्हा तुला आवाज आला का?"

आत्या चमचा धरून थांबली. "नाही. तेव्हा नाही आला."

"आणि बाबा चालवत होते तेव्हा?"

"तेव्हाही नाही. म्हणून तर सगळे म्हणतात की—"

"आत्या, कानातला आवाज शेजारी कोण बसलंय ते बघून लाजत नाही."

सगळे विचारत होते की आवाज आम्हाला का येत नाही. खरा प्रश्न होता, तेव्हा तो आत्यालाही का येत नाही. चौकशीने घड्याळ पाहिलं, पावणेदहा. पायात एक चप्पल स्वतःची आणि एक आईची घालून ती दाराकडे निघालीसुद्धा. आत्याने मागून हाक मारून चपला बदलायला लावल्या.

स्टिअरिंग चौकशीने हातात घेतलं, कारण डॉक्टरांचा शब्द आजचा दिवस तरी पाळायचाच होता. आत्या शेजारी बसली. शहराबाहेरचा रुंद रस्ता लागला, काटा पासष्टवर गेला, आणि गाडीत अशी शांतता की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी. आत्याचा चेहरा उतरला. चौकशीचा मात्र उजळला. हेच तर हवं होतं.

तिचा अंदाज असा होता: शेजारच्या सीटवर माणूस बसला की वजनाने सीट दबते आणि तिच्याखालचं काहीतरी सैल थरथरायचं थांबतं. अंदाज तपासायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने गाडी कडेला घेतली. डिकीत आत्याच्या कामाच्या, पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या होत्या. त्या सगळ्या पुढच्या सीटवर रचल्या. त्यांचा चांगला गुबगुबीत पाहुणा तयार झाला. आत्याला मागे बसवलं. आता वजन आहे, म्हणजे आवाज येता कामा नये. नंतर पिशव्या काढायच्या, म्हणजे यायला हवा.

काटा साठवर गेला. झंऽऽ.

चौकशीचा अंदाज साफ आपटला होता, आणि इतक्या आनंदाने कोणाचा अंदाज आजवर आपटला नसेल. दातांच्या डॉक्टरकडच्या मशीनसारखा बारीक, चिवट, डोकं उठवणारा आवाज. तो तिच्या, स्वतःच्या, धडधाकट कानांना ऐकू येत होता.

"आला," ती म्हणाली. "मला आला, आत्या."

आरशात पाहिलं तर आत्या तोंडावर हात दाबून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसते आहे की रडते आहे ते चौकशीला कळेना. मग आत्याच म्हणाली, "बघतेस काय आरशात, रस्त्याकडे बघ. आणि वेग कमी करू नकोस, मी पकडते त्याला."

आत्याचे हात म्हणजे बाकी एक गोष्ट होती. कातडीखाली कोणता स्नायू फडफडतो आहे ते तिच्या बोटांना कळायचं. तिने पुढच्या सीटच्या पाठीवर तळवा टेकवला. नाही. सीटच्या कडेतून हात घालून दाराच्या कडीजवळचं आवरण दाबलं. नाही. आवाज ओरडतच होता. मग हात दोन दारांमधल्या खांबाकडे सरकला आणि आत्या रुग्णाशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "इथे आहे. इथे नस उडते आहे." तिने बोट पुढे नेलं. आवाज सुरी फिरवल्यासारखा तुटला.

बोटाखाली सीटबेल्ट होता. मोकळा लोंबणारा बेल्ट आणि त्याची धातूची क्लिप, खांबाच्या प्लॅस्टिकला जेमतेम टेकलेली. बोट काढलं, झंऽऽ. ठेवलं, गप्प.

मेकॅनिकने आत्याला शेजारी बसवलं आणि आत्याने शहाण्यासारखा बेल्ट लावला. बाबांच्या वेळीही तेच, आजच्या पहिल्या फेरीतही तेच. जो जो भुंगा शोधायला आला, त्याच्या फेरीत भुंग्याला आधीच खटक्यात अडकवलेलं. वाळूच्या पिशव्यांना तेवढा बेल्ट लावायचं कोणाला सुचलं नव्हतं, आणि गाडी इतकी जुनी की तिनेही टुंटुं करून आठवण दिली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आत्या म्हणाली. तेवढ्यात स्वतःच दचकून म्हणाली, अगं, काखेतच की खरोखर.

पण तिचं समाधान झालं नव्हतं. पिशव्यांना बेल्ट बांधून आणखी एक फेरी झाली. आवाज नाही. मग तिने गाडी थांबवायला, इंजिन बंद करायला आणि काचा वर करायला सांगितलं. चौकशीला लगेच समजलं. बेल्ट वाजतो हे सिद्ध झालं होतं; कान वाजत नाही हे अजून व्हायचं होतं. आत्याने डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली. बाहेरून एक ट्रक गेला आणि त्याचा आवाज विरून गेल्यावरही आत्या ऐकत राहिली.

"काही नाही," आत्या शेवटी म्हणाली. "अगदी काहीसुद्धा नाही ग."

दोघी घरी पोचल्या तेव्हा साडेअकरा. बाबा फाटकात उभे होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पण विश्वास बसल्याचं दाखवलं नाही, आणि सवयीने पुढच्या सीटकडे वळले. दोघींनी त्यांना जवळजवळ ढकलतच मागे बसवलं. साठ. झंऽऽ. बाबांनी एका कानाच्या पाळीला हात लावला, मग दुसऱ्या कानाच्या. चौकशी पुढे बघत गाडी हाकत होती आणि शेजारी बसलेली आत्या बेल्ट खटक्यात अडकवत होती, सोडत होती. गप्प. झंऽऽ. गप्प.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिली की आपण," बाबा हळूच म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी सांगितलं की कानाची तपासणी मात्र आठवड्याभरात करून घ्यायचीच, आणि आत्याने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिला तो हट्ट रास्त वाटला.

बाराला पाच कमी असताना फाटकाशी गाडी थांबली. आत्याने उतरून फोन लावला. पलीकडच्या माणसाला तिने आधी तब्येत विचारली, मग सांगितलं की माझे एकवीस लोक माझ्याकडेच राहणार, तुझ्याकडे कोणी जास्तीचे असतील तर उलट मलाच पाठव.

चौकशीने गाडीची किल्ली काढायला हात नेला. बाबा अजून मागेच बसले होते आणि उतरायचं त्यांच्या मनात दिसत नव्हतं.

"थांब," ते म्हणाले. "तो बेल्ट तसाच मोकळा राहू दे आणि अजून एकदा साठवर ने. मला नीट ऐकायचंय."