चारही प्लग काळे

लोकांच्या गाडीला मी तासभर देतो आणि घरच्या गाडीला दहा मिनिटं. ही खोड काही माझी एकट्याची नाही. सातिवलीत कुठल्याही गॅरेजवाल्याला विचारा, त्याच्या बायकोच्या स्कूटरचा ब्रेक लागत नसतो. मी शांताराम. तीस वर्षं इंजिनं उघडतोय. तोंडाने फटकळ आहे, पण हात चांगला म्हणून गिऱ्हाईक टिकून आहे. मे महिन्यातल्या त्या दिवसाचं सांगायला घेतलं की अजून तोंडाला कोरड पडते.

अकराच्या सुमाराला माझी लेक उन्नती गाडी घेऊन आली. मागच्या सीटवर नऊ महिन्यांची खुशी, तिची लेक. उन्नती नायगावला टॉवरमध्ये राहते, जावई जितेश अंधेरीला ऑफिसात. गाडी आठवडाभर मिसिंग मारतेय म्हणाली. पुलावर चढताना झटके देते, मागून काळा धूर, आणि पेट्रोल तर पाण्यासारखं पिते. शिवाय आत कसलासा वास येतो आणि डोकं दुखतं. खुशी मात्र हल्ली गाडीत बसली की लगेच झोपते, हे तिने कौतुकाने सांगितलं. मी म्हटलं, रात्रभर मोबाईल बघितल्यावर डोकं दुखणार नाही तर काय होणार.

स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणत होता, इंजिनला पेट्रोल कमी पडतंय. धूर म्हणत होता, जास्त जातंय. दोघं एकमेकांच्या उलट बोलत होते. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर मी तिथेच थांबलो असतो, गाडी वर उचलून खालून बघितली असती. पण पत्र्याखाली नुसती भट्टी पेटलेली, पोर किरकिर करत होती, आणि लेकीला ग्रीसच्या डब्यावर बसवून ठेवणं मला बरं दिसेना. चार प्लग काढले, नवे टाकले, जुने बाकावर ठेवले. गाडी जरा सुधारली. सेन्सर बिघडला असणार, नवा मागवतो, रविवारी ये, असं सांगून टाकलं. तिने वासाचं पुन्हा काढलं तर मी खेकसलो.

"मागचा धूर आत येत असणार, दुसरं काय? काचा बंद ठेव, एसी लाव आणि नीघ आता."

ती निघाली तेव्हा बारा वाजून गेले होते.

एक वाजता डबा उघडला. शेजारच्या गाळ्यातला फ्लॉईड रोज माझ्याकडे जेवायला येतो. सायलेन्सरचं वेल्डिंग करतो तो. डबा ठेवायला जागा हवी म्हणून त्याने बाकावरचे प्लग बाजूला सारले आणि सहज म्हणाला, चारही सारखेच काळे की रे. मी म्हटलं, मग? आणि दोन घास खाल्ल्यावर माझा हात थांबला.

पेट्रोल जास्त गेलं की प्लग काजळतो. एका ठिकाणी बिघाड असता तर एक प्लग काळा झाला असता. चारही काळे म्हणजे गाडीचा कॉम्प्युटरच सगळीकडे जास्त पेट्रोल पाठवतोय. का पाठवतोय? तर सेन्सर त्याला सांगतोय की कमी पडतंय. हा सेन्सर बसतो धुराच्या वाटेवर, इंजिनला लागून. त्याच्या आधी पाईपला चीर गेली असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. सेन्सर खराब नव्हताच. आणि ज्या चिरेतून हवा आत जाते, तिथूनच धूर बाहेर येतो. मागून नाही. पुढून, बॉनेटखालून, गाडीच्या आत. त्यातला जो विषारी वायू असतो तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. आधी डोकं दुखतं, मग झोप येते.

डबा तसाच सोडून उठलो. खुशी गाडीत बसली की लगेच झोपते.

उन्नतीला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. घरी पोचून भात लावत असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण मला तिची सवय माहीत होती. पोर गाडीत झोपली की उठवायची नाही. खाली पार्किंगमध्ये एसी चालू ठेवून ती जागी होईपर्यंत बसून राहायचं. त्या टॉवरमधल्या सगळ्याच लेकुरवाळ्या असं करतात म्हणे.

जितेशला गाठलं. त्याने गेटवरच्या वॉचमनला, कृष्णाला, त्याच फोनवर जोडून घेतलं. गाडी आहे का बघ, म्हटलं. तो चालत गेला. त्याच्या चपलांचा आवाज मला ऐकू येत होता.

"मॅडम आणि बेबी दोघी मस्त झोपल्यात, काका," तो म्हणाला. "एसी चालू आहे. मी काय डिस्टर्ब नाय केलं."

त्याला काच वाजवायला सांगितली. वाजवली. जोरात वाजव म्हटलं. जोरात वाजवली. दोघी हलत नाहीत, आणि दरवाजे आतून लॉक आहेत, म्हणाला. आता त्याचाही आवाज बदलला होता. काच फोड म्हटलं तर तो घुटमळला, सोसायटीवाले कामावरून काढतील म्हणून. तीस वर्षांत मी कुणाच्या हातापाया पडलो नव्हतो.

"मी तिचा बाप आहे रे. तुझ्या पाया पडतो, फोड ती काच."

काच फुटल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

फ्लॉईडने तोवर टेम्पो चालू केला होता. हायवेला नेहमीसारखीच रांग. मी आधी पुढच्या प्रत्येक गाडीवाल्याला शिव्या घातल्या, मग शिव्याही सुचेनात. आयुष्यात मला इतकी भीती कधी वाटली नव्हती. डोळ्यांसमोर सारखी ती मागची सीट. फ्लॉईड ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हणत होता. मी म्हटलं, माझ्यासाठी पण म्हण. जितेशचा फोन आला, शेजाऱ्यांनी दोघींना हॉस्पिटलात नेलंय म्हणून, आणि कुठल्या ते त्याने सांगितलं. श्वास चालू आहे का, हे मी विचारलं नाही. धीरच झाला नाही.

उन्नती खाटेवर होती, तोंडाला ऑक्सिजन, अंगावर उलटी झालेली. डोळे उघडे होते. पलीकडच्या खाटेवर खुशी, मोठ्या माणसाच्या उशीवर एवढीशी. भोवती डॉक्टर आणि नर्स वाकलेल्या. तिची छाती वरखाली होतेय की नाही ते मला दारातून दिसेना. पुढे जायला पाय उचलेना. किती वेळ गेला कोण जाणे. मग ती रडली. घोगऱ्या आवाजात, चिडून रडली. मी तिथेच भिंतीला धरून खाली बसलो.

डॉक्टर बाई उन्नतीकडे वळल्या. वेळेत आणलं म्हणून दोघी वाचल्यात, म्हणाल्या. रात्रभर ऑक्सिजनवर ठेवणार होत्या. मग जरा रागावूनच विचारलं, आठवडाभर डोकं दुखत होतं, वास येत होता, तरी लहान मुलीला घेऊन बंद गाडीत बसलात कशा?

उन्नतीने मास्क जरा बाजूला केला.

"बाबांनी बघितलेली ना गाडी," ती म्हणाली. "म्हणून मी निर्धास्त होते."

बाईंनी वळून विचारलं, बाबा कोण?

मी बसल्या जागेवरून हात वर केला.