मी दोघी नाही, एकटीच आहे!

सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. तिसरा मजला, सूक्ष्मदर्शकाची खोली, पडदे ओढलेले. त्या वेळी मला यादीतून काढण्यात आलं. कारण लिहिलं, 'दोन पेशी चिकटलेल्या.'

हे साफ खोटं आहे. मी स्वादुपिंडातली एक पेशी बोलतेय. इन्सुलिन तयार करणारी. एकटी, धडधाकट, आणि सध्या काचपट्टीवर आडवी.

माझा जन्म एका कुलूप दुरुस्त करणाऱ्याच्या पोटात झाला. इतर पेशींसारखी माझ्याकडेही शेहेचाळीस गुणसूत्रं होती. पुढे दोन व्हायची वेळ आली. मी सगळ्या गुणसूत्रांच्या नकला काढल्या. सामान बांधून तयार, आता वेगळं बिऱ्हाड करायचं, आणि ऐन वेळी माझा पाय निघेना. राहिले तिथेच, ब्याण्णव गुणसूत्रं पोटात घेऊन. शेजारणी म्हणाल्या, "अगं बाई, केवढी ही फुगलीस!" मी म्हटलं, "फुगले नाही, भरले."

काम मात्र भरपूर होतं. मालक चहात साखर घालायला लागले की थांबत नसत.

"अहो, हा चौथा चमचा कुणासाठी?" बायको विचारायची.

"तिसऱ्याला सोबत नको का?"

"रक्त तपासून या, मग कळेल सोबत!"

दरवर्षी ते तपासून यायचे आणि कागद तिच्यापुढे नाचवायचे. साखर अगदी नीट. ती कागद उलटसुलट करून पाहायची, जणू मागच्या बाजूला खरं लिहिलंय.

एकसष्टाव्या वर्षी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. स्वादुपिंड संशोधनाला द्यायला बायको तयार झाली. संमतीपत्राच्या तळाशी तिने स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, 'इतकी साखर खाऊन यांना काही कसं झालं नाही, तेवढं मला कळवा.'

म्हणून मी या काचेवर आले. केंद्रकातल्या गुणसूत्रांना निळा रंग दिला, इन्सुलिनला हिरवा. निळा रंग मोजणारा संगणक माझ्यापाशी आला आणि अडखळला.

"सर, हिचा निळा दुप्पट आहे," तपासणारी मुलगी म्हणाली.

"म्हणजे दोन चिकटल्यात. काढून टाक."

"पण मध्ये भिंत दिसत नाही. केंद्रकही एकच आहे."

"अगं, एकीवर दुसरी बसली असेल."

"वर-खाली फोकस करून पाहिलं, सर. खाली कुणी नाही."

"बाई गं, अडीच हजार मोजायच्यात. एकेकीची अशी चौकशी करत बसलीस तर मी निवृत्त होईन."

"मग निरोप समारंभात मोजू."

सर हसले. हसले, आणि बटण दाबलं. नियमच तसा आहे म्हणे. दुप्पट दिसली की दोन धरायची आणि वगळायची. नियम ज्यांनी केला त्यांनी माझ्यासारखी कधी पाहिली नसेल. पाहणार कशी? दिसली की वगळायचीच होती ना!

मुलीने काचपट्टीच्या कडेला, माझ्या रेषेत, पेन्सिलीने बारीकशी खूण केली. तिला माझ्यासाठी तेवढंच करता आलं. मी तिची ऋणी आहे.

माझ्या ब्याण्णव गुणसूत्रांमुळे मालक तरले, असा माझा दावा नाही. मी खरंच जास्त राबले, का नुसतीच जाड होते, हे मलाही ठाऊक नाही. पण मला मोजल्याशिवाय ते कुणाला कळणार?

तीन आठवड्यांनी बायकोने फोन केला. तिला सांगण्यात आलं, "बाई, पेशी नेहमीसारख्याच आहेत. वेगळं काही आढळलं नाही."

"बरं," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "सगळ्या पाहिल्यात ना?"

"हो, सगळ्या."

त्या सकाळी 'चिकटलेल्या' म्हणून तीनशे बारा पेशी वगळल्या गेल्या. त्यांतल्या एकीलाही पुन्हा पाहिलेलं नाही.