उलटी लावलेली लेन्स

"अब्बा, लेन्स उलटी लावली तर काय होईल?"

हे विचारायची पैज तहरीमच्या मैत्रिणीनं, अंकितानं लावली होती. "भाषणात पहिली आल्यापासनं लय धीट झालीस ना? मग विचार तुझ्या अब्बांना!" तहरीमनं खरंच विचारलं. अब्बा हसले नाहीत. त्यांनी कपाट उघडून मला बाहेर काढलं.

मित्रांनो, मी कॅमेऱ्याची लेन्स. रहिमतपुरात अब्बांच्या, म्हणजे पीरमहंमद यांच्या फोटो स्टुडिओत मी तीस वर्षं राबले. कितीतरी नवऱ्या माझ्यासमोर लाजल्या. मग घरोघरी मोबाइल आले, स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी अंधारात गेले. तिथं मला एकच धास्ती होती, बुरशीची! दमट हवेत ती काचेच्या आत पाय पसरते आणि लेन्स आंधळी होते.

"उलटी धरली की मुंगी हत्तीएवढी दिसती," अब्बा म्हणाले. "उलटी जोडायचं कडं मागवतो. तवर कॅमेऱ्यावर हातानं दाबून धर. पर जप. पडली तर नीट करणारा आता कुणी न्हाई."

माझी मागची नाजूक काच जन्मात पहिल्यांदा उघड्यावर आली. समोर काय, तर भिंतीवरचा कोळी! आणि मला धरणारी तहरीम कोळ्याला जाम घाबरणारी.

पहिल्या फोटोत कोळ्याचा एक केस स्पष्ट, बाकी सगळा धूर. सगळं स्पष्ट यावं म्हणून अब्बांनी माझं उजेड आत घेणारं छिद्र बारीक करायला शिकवलं. मग काळोखच पडला. फ्लॅश मारला, तर कोळ्याची पाठ पांढरीफटक. शेवटी तहरीमनं जुन्या अल्बममधला बटर पेपर फाडून फ्लॅशवर बांधला.

"आगं, माझ्या लग्नाचा अल्बम हाय त्यो!" जरिनाअम्मी ओरडल्या. पण उजेड कसा मऊ झाला!

रविवारी सकाळी आम्ही अंकिताच्या आल्याच्या रानात गेलो. पानावर ज्वारीच्या दाण्याएवढा कोळी होता. तहरीमनं श्वास रोखला. मला कॅमेऱ्यावर घट्ट दाबून धरलं. त्याचे दोन मोठे काळे डोळे माझ्याकडं वळले... आणि त्यानं थेट माझ्या काचेवर उडी मारली!

तहरीम किंचाळली. हात सुटला. मी बांधावरच्या दगडावर आपटले. काच वाचली, पण कॅमेऱ्यात बसणारी माझी किनार वाकली.

"गुमान कपाटात ठेव गं," अंकिता कुजबुजली. "अब्बांना कवा कळतंय!"

तहरीमनं मला ओढणीत गुंडाळलं. वाटभर मी भीतीनं गारठले. मित्रांनो, आपटल्याचं दुखणं सोसता येतं हो. पण लपवलेल्या वस्तूला कुणी पुसत नाही, ऊन दाखवत नाही. ती आतून कुजते. तुमच्या हातून काही मोडलं, तर एवढी दया करा, ते लपवू नका.

घरी अम्मी भाकरी थापत होत्या, अब्बा जेवायला बसले होते. तहरीमनं ओढणी सोडली.

"पडली. माझ्याच हातनं. घाबरले मी."

अब्बांनी मला फिरवून फिरवून पाहिलं. "ही आता सरळ कदीच बसायची न्हाई," ते हळूच म्हणाले. अम्मींचे हात थांबले.

तहरीमनं मला परत हातात घेतलं.

"मग ती उलटीच वापरायची. अब्बा, अम्मी, मी ठरवलंय. कडं आलं की रोज सकाळी मी त्या बांधावर जाणार. कोळी अंगावर आला तरी माझा हात सुटणार नाही, तोपर्यंत जाणार."