सशाच्या वाटेवरचा फास

मित्रांनो, मी एक जुना फास आहे. हे वाचूनच तुमच्यापैकी काहींनी पान उलटले असेल. त्यांचा मला राग नाही. आपली हकिगत सांगण्याजोगी आहे का, ही शंका मला स्वतःलाच कित्येक वर्षे होती. छत्रीने सांगावे, शाळेच्या घंटेने सांगावे, त्यांना ते शोभते. मी ससे पकडतो, आणि पकडलेला ससा मरतो. हे मी आडवळणाने सांगणार नाही. पण ज्या वर्षी मला कायद्याने कायमचे संपवायचे ठरत होते, त्या वर्षी आमच्या गावात जे घडले, ते मी एका कोटाच्या खिशात बसून ऐकले आहे. ते आठवले की माझ्यासारख्या बुजऱ्यालाही ताठ व्हावेसे वाटते. फासाने ताठ होणे बरे नाही, तरीही.

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, यूकॉन नदीकाठच्या आमच्या गावातल्या दुकानात मी पितळी तारेचे एक भेंडोळे होतो. ओडेलियाने मला विकत नेले, तेव्हा ती नुकतीच लग्न होऊन आली होती. तिने तार तोडली, तिला पीळ दिला, लकाकी जावी म्हणून आगीवरून फिरवली आणि माणसाचा वास जावा म्हणून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या पाल्याने घासली. एका टोकाला बारीक डोळा केला आणि दुसरे टोक त्यातून ओवले. असा माझा जन्म झाला, आणि त्याच भेंडोळ्यातून माझ्या भावंडांचाही.

सशांच्या वाटा ठरलेल्या असतात. बर्फावर त्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेली एक चिंचोळी गल्लीच तयार होते. त्या गल्लीत ओडेलिया मला टांगायची. माझे वेटोळे मुठीएवढे, बर्फापासून चार बोटे वर, आणि दोन्ही बाजूंना काटक्यांचे छोटे कुंपण. तेवढ्या वेटोळ्यात कुत्र्याचे डोके शिरत नसे, आणि खारीसारखा लहान जीव माझ्यातून आरपार निघून जाई. दुसऱ्या दिवशी ती बघायला यायचीच. वारा असो, पायाची बोटे बधिर होवोत, ती यायची. तिच्या आईने तिला बजावले होते की उद्या जाणे जमणार नसेल तर आज फास लावू नकोस.

एकदा ती तापाने फणफणली. उठवेना, म्हणून तिने नवऱ्याला, वॉल्टरला, आम्हाला काढून आणायला पाठवले. वॉल्टर शाळेतल्या शेगड्या सांभाळायचा आणि शाळेने टाकून दिलेली पुस्तके घरी आणायचा. त्याला रानातल्या वाटा कळत नसत. तो दोनदा चुकला, स्वतःचा एक हातमोजा कुठेतरी विसरला, पण आमच्यापैकी एकालाही मागे न ठेवता परतला. ओडेलियाने अंथरुणातूनच आम्हाला एकेक करून हाताळून पाहिले, आणि मगच डोळे मिटले.

आमच्या गावाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. तिथे शिकारीची बढाई मारत नाहीत. प्राणी आपले बोलणे ऐकतात, असे सगळे मानतात. ‘मी आज ससे आणणार’ असे जो म्हणेल, त्याच्या वाट्याला ससे येत नाहीत, आणि ‘मी इतके आणले’ म्हणणाऱ्याचे पुढचे हिवाळेही रिकामे जातात. म्हणून शेजारचा सिरिल ओडेलियाला रस्त्यात गाठायचा, तेव्हा बोलणे असे व्हायचे :

“काय गं, कुठे निघालीस?”

“कुठे नाही. जरा पाय मोकळे करायला.”

“पाय मोकळे करायला घसरगाडी लागते होय?”

“दमले तर बसायला नको? तुझ्यासारखी दिवसभर बसून थोडीच असते मी!”

आणि ती परतली, की गाडीवरच्या पोत्याकडे बघत :

“मिळालं का काही?”

“थोडंसं.”

“हो, थोडंसंच दिसतंय. मग त्यातलं थोडंसं इथे ठेवून जा.”

ती ठेवून जायची. उरलेले आणखी दोन-तीन दारांत जायचे. तिच्या घरच्या पातेल्यात पडायचा तो सर्वांत शेवटचा ससा.

मग माझे पडते दिवस आले. नदीला सामन मासे उदंड होते, विमानाने दुकानात गोठवलेली कोंबडी येऊ लागली, आणि माणसे बर्फगाडीवरून भरधाव जाऊ लागली. मी वॉल्टरच्या पुस्तकांच्या फळीशेजारी एका खिळ्याला लटकून राहिलो. वॉल्टर मोठ्याने वाचायचा, एकेका शब्दापाशी थांबून. मला जी काही भाषा येते ती तिथली. तो गेला, आणि घर गप्प झाले. पितळ गंजत नाही, पण मी हिरवट पडलो. माझ्याकडे कोणी पाहीना, तेव्हा मला वाटले, बरेच झाले, आपण काही फार मोठे काम करत नव्हतो.

पण पुढे नदीतले सामन रोडावले आणि ते धरायला मनाई झाली. मूस हरणाच्या शिकारीला होडी हवी, बंदूक हवी, बळकट खांदे हवेत. ओडेलियाचे कंबरेचे हाड कुरकुरत होते. तरी एका शरद ऋतूत ती फळीपाशी आली, मला खिळ्यावरून काढले, राखेने घासघासून पिवळे केले आणि म्हणाली, “चल रे. अजून जमेल आपल्याला.”

जमले. काठी टेकत का होईना, ती पुन्हा रानात जाऊ लागली, आणि सकाळी पुन्हा इतरांच्या दारांत काहीतरी ठेवू लागली. आता तिच्या पातेल्यातही मांस पडायचे, आणि ते तिच्या स्वतःच्या हातचे असायचे.

ओडेलियाची नात मॅरिस गावच्या दवाखान्यात काम करायची. ती एक दिवस घरी आली ती चेहरा पाडून. दूर शहराजवळ कोणीतरी फिरायला जायच्या पायवाटेलगत लांडग्यांसाठी जाड पोलादी दोरखंडाचे फास लावले होते आणि तो तिकडे फिरकलाच नव्हता. एका कुटुंबाचा कुत्रा त्यात अडकून तडफडून मेला. लोक हळहळले, संतापले, आणि आता राज्यभर सगळ्याच फासांवर बंदी घालणारा कायदा येऊ घातला होता.

ओडेलियाच्या हातातले मण्यांचे काम थांबले.

“बघायला गेला नाही मेला!” ती म्हणाली. “त्या मुक्या जिवानं किती वेळ वाट बघितली असेल. त्याला शिक्षा करा ना. चांगली जबर करा.”

“कायद्याला सगळे फास सारखेच, आजी. तो पोलादी दोरखंड आणि तुझी ही तार, एकच.”

“मग मी काय करायचं? दारात बसून राहायचं? कुणी काही आणून देतंय का बघत?”

मित्रांनो, माझे काय होणार याची मला त्या वेळी फारशी भीती वाटली नाही. भंगारातल्या तारेलाही कुठेतरी जागा मिळते. पण ओडेलियाने दारात बसून राहायचे, हे मला कल्पनेतही पाहवेना.

लोकांचे म्हणणे ऐकायला राज्याची एक समिती आमच्या गावी येणार होती. मॅरिस घरोघर फिरली. “एकदाच बोला, पण स्पष्ट बोला,” असे तिने प्रत्येकाला विनवले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

सभेच्या दिवशी गावच्या सभागृहात उभे राहायलाही जागा नव्हती. मी ओडेलियाच्या कोटाच्या खिशात होतो. समितीच्या अध्यक्षबाई मृदू आवाजाच्या होत्या. त्यांनी आधी ओडेलियाला विचारले, “आजी, तुम्ही फासाने किती ससे पकडता?”

ओडेलिया उठली. सशांविषयी चारचौघांत बोलायचे होते. तिची बोटे खिशात माझ्याभोवती आवळली.

“थोडंसं,” ती म्हणाली. “कधी मिळतं, कधी नाही.” आणि खाली बसली.

मॅरिसने कपाळावर हात मारला. पुढे बर्निस उठली. ती मुलाबाळांची बाई, फासांवर तिचा चांगला हात बसलेला. ती म्हणाली, “मला काही तेवढं येत नाही.” सिरिल म्हणाला, “मी? मी तर बसून असतो.” एकामागून एक सगळे उठले, आणि सगळ्यांनी तेच सांगितले : थोडंसं, फारसं नाही, असंच आपलं. कोणी खोटे बोलत नव्हते. जन्मभर जसे बोलत आले तसेच बोलत होते. पण अध्यक्षबाई त्या गावात वाढल्या नव्हत्या. त्यांनी जे ऐकले तेच लिहून घेतले.

“म्हणजे बंदी आली तरी तुमचं फारसं नुकसान होणार नाही,” त्या म्हणाल्या. “असं नोंदवू ना?”

सगळ्यांनी माना खाली घातल्या. पाहुण्याचे बोलणे तोडायचे नाही, हीदेखील आमच्याकडची रीतच. मला वाटले, संपले. अध्यक्षबाईंनी लेखणी टेकवली, तोच सिरिलची खुर्ची करकरली.

“बाई, माझं मी सांगितलं तेवढंच. पण दुसऱ्याबद्दल बोललेलं चालतं का इथं?”

“चालेल की.”

सिरिलने ओडेलियाकडे पाहिले. तिने मान वर केली नाही. पण नकोही म्हटले नाही.

“मग ऐका. माझा गुडघा गेला, त्या हिवाळ्यात मी उंबऱ्याबाहेर पडलो नाही. पण सकाळी दार उघडावं तर पायरीवर ससा. सोललेला, धुतलेला. हिला विचारलं, कोण ठेवून जातं गं? तर म्हणे, मांजरानं आणला असेल.” तो अध्यक्षबाईंकडे वळला. “बाई, आमच्या गावात मांजर नाही.”

सभागृहात असा हशा पिकला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. हशा ओसरायच्या आत बर्निस उभी होती.

“माझंही नाही सांगत, हिचंच सांगते. मी बाळंतीण होते आणि वादळात विमान येईना. दुकान रिकामं. हिनं सशाचं सूप करून आणलं, बाळाला पाजायला माझ्या अंगात दूध यावं म्हणून. तो पोरगा तो बघा, मागे उभाय. दाराला डोकं आपटतं त्याचं आता.”

“आणि बर्निसनं आमच्या घरी काय काय आणलं ते मी सांगतो!” मागून कोणीतरी ओरडले.

“अरे, आधी मला बोलू दे! माझी बहीण कधी तोंड उघडायची नाही...”

बांध फुटावा तसे झाले. स्वतःविषयी कोणी एक शब्द काढला नाही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातचे सांगत होता : कोणाच्या सशावर कोणाचे आजारपण सरले, कोणाच्या कातड्यांचे मोजे कोणाच्या लेकराच्या पायात होते. समितीबरोबर आलेल्या, लिहून घेणाऱ्या तरुणाला कागद पुरेनात. अध्यक्षबाईंनी लेखणी खाली ठेवली होती आणि त्या नुसत्या ऐकत होत्या. शेवटी त्यांनी हसत विचारले, “मग हे ‘थोडंसं’ म्हणजे असतं तरी किती?”

“बाई,” सिरिल म्हणाला, “ही ‘थोडंसं’ म्हणाली की आम्ही मोठं पातेलं काढतो.”

तेव्हा ओडेलिया पुन्हा उठली. तिने मला खिशातून काढले आणि अध्यक्षबाईंच्या तळहातावर ठेवले.

“हा बघा. हा फास मी लावते आणि मीच काढते,” ती म्हणाली. “ज्यानं तो कुत्रा मारला त्याला सोडू नका. फासावर लावणाऱ्याचं नाव घालायला सांगा. ज्याला रोज जाऊन बघता येत नाही त्यानं लावायचा नाही, असं कायद्यात लिहा. तेवढा कडक कायदा आम्हाला हवाच आहे. पण जी बाई रोज जाते, तिला दारात बसवू नका.”

अध्यक्षबाईंनी माझे वेटोळे बोटाने हलकेच सरकवून पाहिले. मग मला परत दिले, आणि मघाशी लिहिलेल्या ओळीवर आडवी रेघ मारली.

राजधानीत मतदान झाले, त्या दिवशी सारे गाव सभागृहातल्या रेडिओभोवती जमले होते. बंदी फेटाळली गेली. तिच्या जागी नवा नियम आला : फासावर मालकाचे नाव हवे, फास रोज पाहिला पाहिजे, आणि जो टाकून जाईल त्याला जबर शिक्षा. ओडेलियाचेच शब्द, फक्त सरकारी पोशाखातले. मग जी आरोळी उठली, ती नदीपलीकडच्या कावळ्यांनीही ऐकली असेल. कोणीतरी फिडल, म्हणजे आमच्याकडचे व्हायोलिन, काढले, बाके भिंतीला लागली, पाय जमिनीवर आपटू लागले. सिरिलने ओडेलियापुढे हात केला.

“चल म्हातारे, कंबर दुखते म्हणू नकोस.”

“माझी कंबर राहू दे. तुझा गुडघा घरी ठेवून आलास ना?”

दोघे नाचले. खिशात मी गरगर फिरत होतो. माझ्या साऱ्या आयुष्यात मी इतका आनंदी कधी नव्हतो, आणि त्या क्षणी मला माझ्याविषयी कसलीही शंका नव्हती.

मित्रांनो, मी निरुपद्रवी आहे असे मी म्हणत नाही. उलट, माझ्यासारख्याला सांभाळून वापरावे लागते. मला जिथे लावाल तिथे परत या. येणे जमणार नसेल तर मला खिळ्यालाच राहू द्या. तिथे मी सुखाने हिरवा पडेन. जीव घेणारी कोणतीही वस्तू रानात एकटी सोडू नका. आणि कोणा एकाने ती तशी सोडली म्हणून, जी रोज परत येते तिच्या हातून ती काढून घेऊ नका. एवढेच माझे मागणे आहे.

मॅरिसने तांब्याच्या पातळ पट्टीवर खिळ्याने ‘ओडेलिया’ असे कोरले आणि ती माझ्या टोकाला बांधली. पहिला बर्फ धरला, त्या दुपारी आजीने मला विलोच्या झुडपांत टांगले, दोन्ही बाजूंना काटक्या रोवल्या आणि ती घरी गेली. वारा सुटला, ताजा बर्फ पडला, तिच्या पावलांचे ठसे बुजले. ती पट्टी माझ्यापाशी हलकेच हलत राहिली.

दुसऱ्या दिवशी नीट उजाडलेही नव्हते, तोच झुडपांपलीकडे बर्फ करकरला. आधी काठी, मग पाऊल, मग पुन्हा काठी. ती आली होती.