शेऱ्याचा रकाना

मी ट्रंक बोलतेय. काळी, पत्र्याची. वय लपवायची सोय नाही, कारण झाकणावर पांढऱ्या रंगात सनासकट लिहून ठेवलंय: हवालदार केरबा, १९४६.

मी देखणी कधीच नव्हते. बेळगावच्या दुकानात आम्ही कितीतरी जणी एकीवर एक रचलेल्या होतो. केरबांनी नेमकी सगळ्यात खालची, म्हणजे मला, ओढून काढली. मला वाटलं, आवडले. मागनं कळलं, एवढ्या ओझ्याखाली जी वाकली नाही तीच त्यांना पाहिजे होती. असो. निवड झाली हे काय कमी झालं?

पलटणीत मी त्यांचे कपडे सांभाळले. पेन्शनीत निघाल्यावर ते सांगलीला आले, विश्रामबागेत एक शेड घेतली आणि बोर्डिंग काढलं. बाकीच्या वसतिगृहांत ज्या पोरांना पंगतीत बसू देत नव्हते ती पोरं इथं यायची. काही गावकुसाबाहेरची, काही पूर्वेकडच्या मेंढपाळांची. माझ्यातले कपडे बाहेर निघाले आणि कागद आत आले. तेव्हापासून माझं पोट हलकं म्हणून झालं नाही.

केरबांची एक रीत होती. प्रवेशाच्या वहीत पोराचं गाव लिहायचे, अंदाजे वय लिहायचे, बापाचं नाव लिहायचे, पण पोराच्या नावाची जागा कोरी ठेवायचे. पोरगं अक्षर शिकलं की त्यानंच येऊन तिथं आपलं नाव घालायचं. कुणाला महिना लागायचा, कुणाला सहा. एकाचा 'र' ओळीतनं पळून चाललाय, एकाची वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसलीय. शेवटचा रकाना मात्र केरबांचा. शेरा. पोर मधूनच गेलं तर का गेलं, कुणी नेलं. पलटणीतला माणूस, हजेरीला एक जरी कमी भरला, तरी कारण लिहिल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही.

केरबा वारले. शेडची इमारत झाली, बोर्डिंगचं कॉलेज झालं. इमारतीला जमीन दिली उंब्रजच्या धैर्यशीलरावांनी. हे खरं आहे, मी नाही म्हणणार नाही. पोर्चमध्ये त्यांचा अर्धा पुतळा आहे. मला मात्र जिन्याखाली सरकवलं. माझ्यावर मोडके बाक आले, जुन्या उत्तरपत्रिका आल्या, गॅदरिंगचा पुठ्ठ्याचा राजवाडा आला. प्राध्यापक लोक चहा प्यायला माझ्यावर बसायचे आणि आपल्या कॉलेजचा इतिहास कुठं मिळत नाही म्हणून हळहळायचे. मी काय बोलणार? बूड ठेवायला तरी उपयोगी पडत होते.

मग ऑफिसात माया क्लार्क म्हणून लागली. ती जतकडची, मेंढपाळाच्याच घरातली. तिनं राजवाडा बाजूला केला, मला ऑफिसात आपल्या टेबलाजवळ आणून उघडलं, वाळवी झटकली आणि कडुलिंबाचा पाला घातला. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन हात पुसायची आणि वही वाचत बसायची. मी लाजायचे. एवढ्या वर्षांत कुणी माझ्या पोटात काय आहे हे विचारलं नव्हतं.

ह्या वर्षी संस्थेला पंचाहत्तर वर्षं झाली. सचिव आहेत लालासाहेब, धैर्यशीलरावांचे नातू. त्यांनी दर्शनी भागात इतिहासाचं दालन करायचं ठरवलं. मला वाटलं, आली बाई आपली पाळी. कुठलं काय! वही बघून ते म्हणाले, अक्षर फार गचाळ आहे, ड्रॉइंगच्या सरांकडून फेअर करून घ्या. सरांनी सोनेरी शाईत सगळी नावं एका वळणात उतरवली. पळणारा 'र' जागेवर आला. शेऱ्याचा रकाना मात्र काढून टाकला आणि त्याच्या जागी प्रत्येकापुढं एकच ओळ घातली: शिक्षण पूर्ण.

जुन्या वहीत अकरा पोरांपुढं धैर्यशीलरावांचं नाव आहे. उसाच्या कामाला नेलेली अकरा पोरं. फेअर वहीत ती अकराही शिकून मोकळी झाली.

मग हुकूम आला. फेअर झालंय, आता जुनं कशाला? सोमवारी रद्दीचा टेम्पो येईल, ट्रंकेसकट देऊन टाका.

मायानं सरळ विचारलं, फेअर वहीत एक रकाना कमी कसा?

"त्यो काय कामाचा न्हाई," लालासाहेब म्हणाले.

"तुमच्या कामाचा न्हाई म्हणा, साहेब."

त्यांनी चष्मा काढून तिच्याकडं बघितलं. बाकीचे दोन क्लार्क एकदम कामाला लागले, एरवी कधी लागत नाहीत इतके.

दुसऱ्या दिवशी अर्जुना आले. वय ब्याऐंशी, हातात काठी आणि संस्थेचं निमंत्रण. त्यात 'शिक्षण पूर्ण केलेले यशस्वी माजी विद्यार्थी' असं छापलं होतं, म्हणून त्यांना शाल मिळणार होती. मायाच्या टेबलासमोर ते बसले नाहीत, उभेच राहिले.

"बाई, मी शिक्षाण पुरं केलं आसं कुणी लिवलं? घरात नातवंडं हासाय लागल्यात मला."

माया म्हणाली, "बसा की आबा."

"बसाय आलो न्हाई. माझं शिक्षाण मोडलं कुणी, ते लिवल्यालं हाय का न्हाई तेवढं बघा. न्हाई म्हणजे मी तरी मेल्यावर खोटा नको."

मायानं माझं झाकण उघडलं. एकोणीसशे बावन्न. अर्जुना, वय अंदाजे नऊ, बाप उंब्रजला सालगडी. नाव त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, 'जु'चा उकार लांब शेपटीसारखा. पुढं केरबांचा शेरा: दिवाळीनंतर उसाच्या कामाला ओढून नेले. नेणार धैर्यशीलराव. दोनदा मागणी केली, परत पाठवले नाही.

त्यांना आयुष्यात तेवढंच लिहिता-वाचता येतं, स्वतःचं नाव. त्यावरनं त्यांनी बोट फिरवलं. मग मायाला शेरा वाचायला सांगितला. ऐकून परत एकदा वाचायला सांगितला.

"बराबर हाय," म्हणाले. "ह्ये मला लिवून द्या."

मायानं साधा कागद पुढं केला. "आबा, अर्ज करा. रीतसर उतारा देते."

आणि तिथंच तिच्या डोक्यात दिवा लागला. मी बघत होते ना, पेन हवेतच थांबलं तिचं.

ऑफिसचं एक असतं, मंडळी. माणूस गेला तर चालतं, पण जावक नंबर पडला की तो कागद कुणाच्या बापाला मागं घेता येत नाही. मायानं दोन दिवस फोन लावले. जत, आटपाडी, कराड, उंब्रज. वहीत ज्यांच्यापुढं शेरा होता त्यांची पोरं, नातवंडं शोधली. अर्ज यायला लागले. कुणी फोनवर फोटो काढून पाठवला, कुणी एस.टी.च्या कंडक्टरजवळ दिला. शनिवारपर्यंत एक्केचाळीस झाले. उतारे टाइप करून तिनं प्राचार्यांच्या सह्यांच्या ढिगात घातले. सही करताना वाचायचं नाही, ही आमच्या संस्थेची सगळ्यात जुनी परंपरा. माझ्यापेक्षाही जुनी असेल.

सोमवारी टेम्पो फाटकात उभा. लालासाहेब स्वतः आले. मायानं त्यांच्यापुढं जावक रजिस्टर उघडून ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "एक्केचाळीस उतारे गेलेत. मूळ वहीवरून खरी नक्कल, आसा शिक्का हाय. उद्या कुणी पडताळणीला आलं तर मूळ वही दाखवावी लागंल. न्हाई दाखवली तर ती कुठं गेली, ह्याची पोलिसांत तक्रार सचिव म्हणून तुमालाच द्याय लागंल."

लालासाहेब आधी समजले नाहीत. मग समजले. इतके दिवस म्याडम म्हणणारा माणूस एकेरीवर आला.

"माझ्या आज्ज्याचं नाव गावभर वाटत फिरलीस व्हय?"

"मी न्हाई. केरबांनी लिवलं, मी नक्कल काढली."

"ज्यांच्या जमिनीवर बसून पगार खातीस, त्यांच्यावरच उलटलीस."

"जमीन दिली त्ये बी लिवल्यालं हाय, साहेब. त्ये कुणी खोडलं न्हाई. पोरं नेली, तेवढंच तुमी खोडाय निघालाय."

त्यांनी तिला काही केलं नाही. मला लाथ घातली. उजव्या कोपऱ्याला पोचा पडलाय तो त्याच दिवसाचा. पाय मात्र त्यांचाच दुखावला असणार, जाताना लंगडत होते. टेम्पो रिकामा गेला.

आठवड्याच्या आत मायाची बदली पाटणच्या शाखेत झाली. कारणाच्या जागी लिहिलंय, प्रशासकीय सोय. समारंभ थाटात झाला, सोनेरी वही काचेत ठेवली, फोटो निघाले. अर्जुना आले नाहीत. त्यांची शाल कुणी घेतली, मला माहीत नाही.

मी आता पाण्याच्या मोटरीच्या खोलीत आहे. इथं ओल फार. पाला बदलायला कुणी नाही. मला टाकता येत नाही, म्हणून मी आपोआप कुजायची वाट बघायची असं ठरलेलं दिसतंय. लालासाहेब हुशार आहेत, ते मी मानते. घाई नाही त्यांना.

पण गेल्या बुधवारी नवा क्लार्क किल्ली घेऊन आला. चिडलेला होता, शर्टाला जाळी लागली होती. पाटणहून पोस्टानं अर्ज आला होता. एक्केचाळीस जणांचे उतारे काढणाऱ्या बाईनं स्वतःच्या वडिलांचा तेवढा मागं ठेवला होता. वही बाहेर निघाली, दोन तास पंख्याखाली राहिली, वाळली. आणि परत आत आली.

तेव्हा मंडळी, तुमच्या घरातलं कुणी ह्या बोर्डिंगात होतं का, जरा विचारा. अर्ज एकदम सगळ्यांनी पाठवू नका. महिन्याला एक पाठवा. पावसाळ्यात दोन चालतील. म्हणजे मला ऊन-वारं लागत राहील. पत्ता विश्रामबागेचाच. साध्या कागदावर लिहिलेलं चालतं, अक्षर कसं का असंना.