ताईसाठी गावोगाव फिरलेला डबा

मित्रांनो, मला जरा हलवून पाहा. आतून खडखड ऐकू येते का? नाही ना! कारण मी गच्च भरलेला आहे. मी तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. वयाने जुना आहे, एका बाजूने चांगलाच चेपलेला आहे. पण आज मला इतका आनंद झाला आहे की माझी गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणारच नाही. घाईघाईत बोललो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा कापला, दाबला, घासला आणि मला आकार आला. तिथून मी नागपूरला इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात आलो. मला चंपतरावांनी विकत घेतलं. ते कन्हानला राहत आणि कोळशाच्या खाणीत कामाला जात. दुकानदाराने टोकदार सुई फिरवून माझ्या झाकणावर त्यांचं नाव कोरलं. नाव घातल्याशिवाय भांडं घरचं होत नाही ना आपल्याकडे! सुई जरा टोचली, पण मला मोठा अभिमान वाटला.

खाणीत मी ज्वारीची भाकर, आंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी घेऊन जात असे. "डबा असावा तं असा," असं चंपतराव त्यांच्या सोबत्यांना सांगत. ते ऐकलं की माझी छाती फुगून येई. पुढे चंपतराव निवृत्त झाले आणि काही वर्षांनी देवाघरी गेले. घरात रंगीबेरंगी प्लास्टिकचे डबे आले. मला माळ्यावर ठेवलं आणि माझ्यात खिळे, स्क्रू आणि एक गळकी तोटी भरून ठेवली. मित्रांनो, ज्याच्या पोटात गरम भाकर असायची त्याच्या पोटात गंजके खिळे! मी कित्येक वर्षं रुसून बसलो होतो. पण डब्याचा रुसवा विचारतो कोण?

चंपतरावांचा मुलगा सुशील नागपुरात राहायला आला, तेव्हा खिळ्यांसकट मीही आलो. सुशील हिंगण्याच्या एका कंपनीत मिस्त्री आहे. ती कंपनी कापसातून सरकी वेगळी करणारी मशीन बनवते. जिथे कापूस पिकतो तिथे मशीन बसवायला सुशील जातो. आज जळगाव, उद्या खंडवा, परवा आदिलाबाद. अर्धा महिना त्याचा प्रवासातच जायचा. स्टेशनवर समोसा, धाब्यावर तेलात पोहणारी भाजी, नागपुरात परतला की आधी तर्री पोहे आणि मग घर. पोट पुढे आलं होतं, पण तो हसून म्हणायचा, "हे तं कामाचं पोट हाय."

मग एक दिवस माळ्यावर मला खालून रडण्याचा आवाज आला. सुशील त्याच्या बायकोशी, मिनलशी बोलत होता. मी कान देऊन ऐकलं.

सुशीलची मोठी बहीण नंदिनीताई कन्हानच्या शाळेत शिक्षिका आहे. आई लवकर गेल्यामुळे तिनेच सुशीलला वाढवलं. तिचं लिव्हर खराब झालं होतं. जवळच्या कोणाच्या तरी लिव्हरचा तुकडा बसवला तरच ती जगणार होती. रक्तगट जुळला तो फक्त सुशीलचा. सगळ्यांना हायसं वाटलं. पण नागपुरातल्या धंतोलीच्या डॉक्टर अरुंधतींनी त्याची तपासणी केली आणि नकाराची मान हलवली. सुशीलच्याच लिव्हरमध्ये चरबी भरली होती. असा तुकडा ताईला देता येणार नव्हता.

"दसऱ्यापर्यंत चरबी उतरली पाहिजे म्हणते डॉक्टरबाई," सुशील सांगत होता. "त्याच्यापुढं ताईले थांबता येणार नाही. मैदा नाही, साखर नाही, तळलेलं नाही, पाकिटातलं काहीच नाही. ताटात पाहून ओळखू आलं पाहिजे म्हणे, का ही ज्वारी हाय, हा मूग हाय, हे दोडकं हाय. पण मी तं सदा बाहेर राहतो! बाहेर कुठं भेटते असं?"

मिनल डोळे पुसून उठली. "भेटत नाही तं घेऊन जा न," ती म्हणाली आणि थेट माळ्यावर चढली.

काय सांगू मित्रांनो! खिळे जुन्या वर्तमानपत्रावर धडाधड ओतले गेले. लिंबाची फोड आणि राख घेऊन मिनलने मला असं घासलं की मला माझंच तोंड ओळखू येईना. दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या कप्प्यात भाकरी, मधल्यात दोडक्याची भाजी आणि वरच्यात ओल्या फडक्यात बांधलेले भिजवलेले मूग घेऊन मी रेल्वेत बसलो. रेल्वेत! खाणीच्या अंधाराखेरीज मी जग पाहिलंच कुठे होतं? खिडकीतून झाडं पळत होती, स्टेशनं येत होती आणि माझ्या पोटात मूग मोड काढत होते. इतक्या गुदगुल्या होत होत्या की मी हसून हसून डुलत होतो. बाजूचा प्रवासी म्हणाला, "भाऊ, तुमचा डबा पडन." तेव्हा कुठे सुशीलने मला मांडीवर घेतलं.

लवकरच आम्ही दोघे तरबेज झालो. भाकरी एक दिवस चाले. पुढच्या दिवसांसाठी पिशवीत ज्वारीच्या कण्या, फुटाणे आणि शेंगदाणे असत. कुठल्याही जिनिंगमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, चौकीदाराकडे चूल असायचीच. तिथे माझ्या खालच्या कप्प्यात कण्या शिजत. बूड काळं झालं तरी मला त्याची लाज नव्हती. बाजारात दिसेल ती काकडी, मुळा, पेरू आम्ही घेत असू. पडवळाचं नाव काढलं की सुशील नाक मुरडायचा, पण खायचा. मी घरी रिकामा येई आणि मिनल आनंदाने नाचायची बाकी राही.

पण मला एक गोष्ट खटकत होती आणि मी पडलो मुका. आपल्याकडे पाहुण्याला जेवायला बसवलं म्हणजे त्याने पोट धरून उठलं पाहिजे. मशीन बसवणारा मिस्त्री तर घरच्या जावयासारखा. "भाऊ, एवढीशी पुरी घ्या." "आमच्या इथली जिलेबी नाही खाल्ली तं काय खाल्लं?" नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड पडायचं. सुशीलला कोणाचं मन मोडवत नाही. तो आधी माझ्यातलं सगळं प्रामाणिकपणे जेवायचा आणि मग त्यांचा मान राखायला वरून पुरी, जिलेबी, लाडू. "एकानं काय होते," असं स्वतःलाच समजावायचा. मी झाकण आपटून आपटून थकलो. त्याला वाटे, रस्ता खराब आहे.

पोळ्याच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. चरबी जेमतेम हलली होती.

मिनल मला पोटाशी धरून बसली. "अहो, डबा तं रोज रिकामा येते! मंग असं काहून?"

सुशीलने खाली मान घालून सगळं सांगितलं. नंदिनीताई उपचारांसाठी आमच्याकडेच राहायला आली होती आणि तेव्हा तिथेच खाटेवर पडली होती. तिचे डोळे पिवळे झाले होते, हात काड्यांसारखे. मला वाटलं, आता ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "तुले लहानपणापासून कोणाले नाही म्हणता येत नाही. मीच शिकवलं न तुले तसं, का वाढलेलं परत करू नाही. नको जिवाले लावून घेऊ."

तिने त्याला मोकळं केलं आणि तेच त्याला सोसवेना. तो रडू लागला. पण मिनलचं डोकं चालूच होतं. ती एकदम म्हणाली, "असं करा. तिथं गेल्यावर पहिले तुम्हीच आपला डबा उघडा आन सगळ्याइले वाढा. जो वाढते त्याले कोणी आग्रह करते का?"

वा! अशी युक्ती! मी तर टुणकन उडी मारली असती.

त्या दिवसापासून मी एकट्याचा डबा राहिलो नाही. मिनल मला शिगोशीग भरू लागली. खंडव्याला जिनिंगमध्ये पानं मांडली जात होती. तेवढ्यात सुशीलने मला मधोमध ठेवलं, झाकण काढलं आणि वाढायलाच सुरुवात केली. "घ्या, आमच्या विदर्भाची जवसाची चटणी. ही मोडाची उसळ. माझ्या बायकोनं तुमच्यासाठी दिली आहे." लोक चाटून पुसून खाऊ लागले. कोणी रेसिपी विचारू लागलं, कोणी दुसऱ्यांदा ताट पुढे करू लागलं. सुशील वाढत राहिला आणि सगळ्यांसोबत माझ्यातलंच जेवला. पुरीचं नाव कोणी काढलं नाही. जळगावला तेच, आदिलाबादला तेच! मी कप्पे रिकामे करून ऐटीत परतायचो. सुशीलचा पट्टा ढिला होऊ लागला. बॅग घेऊन जिना चढताना तो धापा टाकेना. मला रोज वाटायचं, दसरा उद्याच का येत नाही?

आणि दसरा आला तो आम्ही पांढरकवड्याला असताना. तिथल्या एका जिनिंगमध्ये नवं मशीन दसऱ्याच्या मुहूर्तावर सुरू व्हायचं होतं. दुसऱ्याच दिवशी धंतोलीत शेवटची तपासणी होती. मशीनला हार घातला, आपट्याची पानं वाहिली, नारळ फुटला. मग जिनिंगच्या मालकाची आई, जयवंताबाई, लाडवाचं ताट घेऊन पुढे आल्या. मिस्त्रीचं तोंड गोड झाल्याशिवाय मशीनचं बटण दाबायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत होती. इथे मी काय करणार? हे काही जेवण नव्हतं. लाडू थेट सुशीलच्या ओठांपाशी आला होता आणि सारे मजूर टाळ्या वाजवायला हात उचलून उभे होते.

सुशीलने दोन्ही हात जोडले. "माय, मले नाही खाता येत."

मजुरांचे उचललेले हात खाली आले. मालकाच्या कपाळाला आठ्या पडल्या. जयवंताबाईंचा हात तसाच राहिला. "काहून गा? माह्या हातचा चालत नाही का तुले?"

"तसं नाही माय. माह्या मोठ्या बहिणीले माह्या लिव्हरचा तुकडा द्या लागते. उद्या तपासणी हाय. असाच एक एक लाडू खाऊन मी एकदा सारं बिघडवलं. आता बिघडलं तं ताई हातची जाईन."

हा तोच सुशील, ज्याला कधी कोणाला नाही म्हणता येत नव्हतं!

जयवंताबाईंनी लाडू ताटात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. "अरे, मंग तोंड तं गोड कराच लागन," त्या म्हणाल्या. "तुह्या डब्यात काय हाय ते काढ."

माझ्या वरच्या कप्प्यात उकडलेली रताळी होती. जयवंताबाईंनी स्वतः माझं झाकण उघडलं, रताळ्याचा तुकडा मशीनपुढे नैवेद्य म्हणून ठेवला आणि दुसरा सुशीलला भरवला. मग मशीनला लावलेलं कुंकू त्यांनी माझ्यावरही लावलं. "हाही कामाचा गडी हाय," असं म्हणाल्या. मित्रांनो, मला! चेपलेल्या, बूड जळलेल्या मला! बटण दाबलं, मशीन घरघरलं, पांढराशुभ्र कापूस वर उसळला आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला की त्यातल्या निम्म्या टाळ्या माझ्यासाठी आहेत, असं मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी धंतोलीत सुशील मला मांडीवर घेऊन बाकावर बसला होता आणि माझ्या झाकणावर बोटं वाजवत होता. डॉक्टर अरुंधतींनी आत बोलावलं. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला आणि हसल्या. "सुशील, चरबी उतरली आहे. आपण ऑपरेशनची तारीख ठरवूया."

सुशीलने तिथूनच फोन लावला. "ताई, झालं वं! झालं!" पलीकडून ताई म्हणाली, "आता तरी पोटभर जेव रे बाप्पा."

"पोटभरच तं जेवून राहिलो!" सुशील हसत रडत होता.

ऑपरेशन झालं. ते दिवस काळजीचे होते. मिनल मला घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढायची आणि उतरायची. पण भाऊ घरी आला आणि त्याच्यामागून बहीणही आली. डॉक्टरांनी सांगितली तेवढी विश्रांती सुशीलने घेतली. आता तो पुन्हा कामाला निघाला आहे. जेवण मात्र तसंच आहे, कारण आता त्याला तेच आवडतं. पडवळसुद्धा!

मित्रांनो, तुमच्या घरी एखादा पाहुणा आला आणि त्याने आपला डबा उघडला, तर वाईट वाटून घेऊ नका. त्याला "एकानं काय होते" असं म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, त्याच्या डब्यात काय आहे ते विचारा आणि देईल ते चाखून पाहा. त्याचा तो घास कोणासाठी आहे, हे तुम्हाला ठाऊक नसतं.

आज मला इतका आनंद का झाला, ते सांगायचं राहिलंच! आज पहाटे मिनल उठण्याआधी नंदिनीताई स्वयंपाकघरात आली. तिने भाकरी थापल्या, भाजी परतली आणि मला भरलं. मी इतका गच्च भरलो होतो की माझी कडी बसेना. सुशील पुढे झाला तर तिने त्याला बाजूला सारलं. तळहात माझ्या झाकणावर ठेवला, सारा जोर लावून दाबला आणि कडी खटकन बसवली.